रायफलचा धक्का: खांद्याला बसणारा आणि मनात बसणारा

मोबाइलवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरतो. माणसं बदलतात, प्रसंग तोच असतो. आयुष्यात पहिल्यांदा रायफल हातात घेणाऱ्या कुणाला तरी मोठ्या काडतुसाची शिकारी रायफल दिलेली असते. दस्ता, म्हणजे रायफलचा खांद्याला टेकवायचा भाग, खांद्यापासून बोटभर लांब, मान पुढे ताणलेली, डोळा रायफलवरच्या दुर्बिणीला जवळजवळ टेकलेला. आवाज होतो, रायफल उसळते, दुर्बिणीची कड भुवईवर आपटते, रक्त येतं आणि कॅमेऱ्यामागची माणसं हसतात. मला तो व्हिडिओ पाहवत नाही. भुवईवरची जखम काही दिवसांत भरते, पण त्या क्षणी मनात जे बसतं ते काढायला कित्येक महिने जातात. काहीजण पुन्हा रायफलला हातच लावत नाहीत. ‘हे आपल्याला झेपणारं नाही’ असं ते स्वतःला कायमचं सांगून टाकतात.

त्यांना झेपलं असतं. शिडशिडीत बांध्याची माणसं मोठ्या रायफली नेम न हलवता चालवतात, हे कुठल्याही नेमबाजीच्या मैदानावर पाहायला मिळतं. त्यांना वेगळं काय येतं हे समजून घ्यायचं, तर आधी धक्का म्हणजे काय ते पाहावं लागेल. मग तो एकाला लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही असं का, ते पाहू. आणि त्यानंतर सगळ्यात अवघड भाग: तो यायच्या आधीच आपलं अंग का बिथरतं.

धक्का येतो कुठून?

होडीतून काठावर उडी मारली की होडी मागे सरकते. हलकी होडी जोरात सरकते, जड होडी जेमतेम हलते. न्यूटनचा गतीविषयीचा तिसरा नियम तो हाच. रायफल ही होडी आणि गोळी ही उडी मारणारी. गोळी पुढे सुटते, रायफल मागे येते. या मागे येण्याला नेमबाज ‘रिकॉइल’ म्हणतात. इथे मी साधं ‘धक्का’ म्हणेन.

पुढे जाणारी गोष्ट एकटी गोळी नसते, हे मात्र सहसा लक्षात येत नाही. काडतुसातली दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीच्या मागोमाग, तिच्याहूनही जास्त वेगाने नळीच्या तोंडातून बाहेर पडतो. .३०८ विंचेस्टर हे जगभर वापरलं जाणारं काडतूस उदाहरणाला घेऊ. गोळी साधारण ९.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ८६० मीटर, दारू जेमतेम ३ ग्रॅम. हिशेब मांडला की एकूण धक्क्याचा जवळजवळ एक तृतीयांश वाटा या ३ ग्रॅम दारूचा निघतो. पुढे मझल ब्रेकबद्दल बोलताना हे कामी येईल.

हे काडतूस ३.५ किलोच्या रायफलमधून झाडलं, तर रायफल सेकंदाला सुमारे ३.६ मीटर वेगाने मागे यायला निघते. म्हणजे तासाला १३ किलोमीटर, रमतगमत चाललेल्या सायकलीइतका वेग. त्यातली ऊर्जा होते सुमारे २३ ज्यूल. दोन लिटरची पाण्याने भरलेली बाटली सव्वा मीटरवरून पडली, तर जमिनीवर आदळताना तिच्यात साधारण एवढीच ऊर्जा असते. गोळीकडे मात्र साडेतीन हजार ज्यूलच्या वर ऊर्जा जाते. ढकलणं दोन्ही दिशांना सारखंच असतं, पण हलकी वस्तू प्रचंड वेग घेते आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे जवळजवळ सगळी ऊर्जा पुढे निघून जाते. उभ्या माणसाचं सगळं शरीर त्या धक्क्याने एकसंध मागे ढकललं गेलं असं धरलं, तरी ६० किलोच्या माणसाला मिळणारा वेग सेकंदाला २० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. सावकाश टाकलेलं पाऊलही याहून वेगात पडतं. सिनेमात गोळी लागलेला माणूस हवेत उडून पडतो ते याच हिशेबाने अशक्य आहे. झाडणारा उडत नसेल, तर ज्याला लागली तो तरी कसा उडेल?

आता शेजारी .२२ चं छोटं काडतूस ठेवून पाहा. गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आसपास. तीन किलोच्या रायफलमध्ये धक्क्याची ऊर्जा निघते सुमारे ०.१४ ज्यूल. म्हणजे .३०८ च्या धक्क्यात अशा दीडशेहून अधिक गोळ्यांचा धक्का एकवटलेला आहे. ‘रायफल’ हा शब्द दोन्हींना लागतो, पण नवख्याच्या दृष्टीने या दोन वस्तू एकाच नावाच्या दोन परक्या माणसांइतक्या वेगळ्या आहेत. आणि रायफलचं वजन? तेच .३०८ काडतूस ५ किलोच्या रायफलमधून झाडलं तर २३ ज्यूलचे १६ होतात. डोंगर चढताना हलकी रायफल बरी वाटते, पण चाप ओढताना तिची किंमत खांदा चुकवतो.

धक्का तोच, मग एकालाच का लागतो?

२३ ज्यूल हा कागदावरचा आकडा. खांद्याला काय जाणवतं ते आणखी बऱ्याच गोष्टींवर ठरतं, आणि नेमक्या त्याच गोष्टी शिकण्यासारख्या असतात.

सगळ्यात आधी फट. कुणी तुमच्या छातीवर तळवा टेकवून ढकललं, तर तुम्ही मागे झुकता, फार तर पाऊल मागे टाकता. तोच तळवा वीतभर लांबून आला तर तो फटका होतो. दस्ता आणि खांदा यांच्यात एक सेंटिमीटरची फट असली, तर रायफल तेवढ्या अंतरात आपला पूर्ण वेग घेते आणि मग आदळते. दस्ता आधीच खांद्यात बसलेला असला, तर रायफल हलायला लागल्या क्षणापासून शरीराचं वजन तिच्यासोबत हलतं. नवखा माणूस धक्क्याला घाबरून रायफल खांद्यापासून किंचित लांब धरतो आणि जो मार चुकवायला पाहत होता तोच ओढवून घेतो. मला हे दरवेळी फार वाईट वाटतं, कारण ती चूक भीतीतून येते आणि भीतीला खरी ठरवते.

दुसरी गोष्ट वेळ. वेगात आलेला चेंडू हात मागे नेत झेलला की तळहाताला झोंबत नाही. थांबवायचं तेवढंच, पण जास्त वेळात. दस्त्याच्या टोकाचं जाड रबर हेच करतं. धक्का कमी होत नाही, तो थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो.

तिसरी गोष्ट रायफलची ठेवण. नळी वर असते आणि दस्ता खांद्याला त्या रेषेच्या खाली टेकतो. धक्का नळीच्या रेषेत मागे येतो, अडवला जातो खाली, म्हणून रायफल नुसती मागे न येता तोंड वर करून उसळते. दस्ता जितका खाली वाकलेला, तितकी उसळी जास्त आणि गालाला बसणारा टोला जास्त. काही जुन्या रायफली खांद्यापेक्षा गालाच लाल करतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. दस्त्याची लांबी अंगाला बेतलेली नसेल तरी हाल होतात. लांब असला तर तो खांद्याच्या खळग्यात नीट बसत नाही, आखूड असला तर अंगठा नाकाजवळ येतो आणि डोळा दुर्बिणीजवळ.

आणि आवाज. याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं आणि माझ्या मते धक्क्याच्या भीतीचा अर्धा भाग इथेच असतो. मोठ्या रायफलचा आवाज नेमबाजाच्या कानापाशी १५० डेसिबलच्या पलीकडे जातो. १४० डेसिबलच्या वरचा एकच स्फोट कायमचं नुकसान करू शकतो. पण नुकसान बाजूला ठेवलं, तरी एवढ्या मोठ्या आवाजाने मेंदू दचकतो आणि तो धसका खांद्याच्या धक्क्याच्या खात्यावर जमा करतो. कानात बोळे आणि वरून इअरमफ असं दुहेरी संरक्षण दिलं की कित्येक नवख्यांना तीच रायफल ‘आधीपेक्षा मऊ’ लागते. रायफलमध्ये काहीही बदललेलं नसतं.

गोळी तर केव्हाच गेलेली असते

आता मुख्य मुद्दा. हा एकदा पटला की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

चाप सुटल्यापासून काडतूस पेटवणाऱ्या सुईचा घाव त्यावर पडेपर्यंत चांगल्या रायफलमध्ये काही मिलीसेकंद जातात. मिलीसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. दारू पेटल्यावर ६० सेंटिमीटरची नळी पार करायला .३०८ च्या गोळीला साधारण दीड मिलीसेकंद पुरतो. तेवढ्या वेळात रायफल मागे येते सुमारे २ मिलिमीटर. बस, दोनच. खांद्याला जाणवणारी सगळी उसळी, गालावरचा टोला, हलणारं आकाश, हे गोळी बाहेर पडल्यानंतरचं आहे.

माणसाच्या सगळ्यात झटपट प्रतिक्षिप्त क्रियांपैकी एक म्हणजे मोठ्या आवाजाने पापणी मिटणं. तिला सुद्धा ३० ते ५० मिलीसेकंद लागतात. ठरवून काही हालचाल करायला तर १५० ते २५० मिलीसेकंद.

हे आकडे शेजारी ठेवले की एक सरळ गोष्ट दिसते. धक्का बसल्यामुळे नेम चुकणं जवळजवळ अशक्य आहे. धक्क्याला उत्तर म्हणून शरीर जे काही करेल, ते करेपर्यंत गोळी कागदाला भोक पाडून गेलेली असते. मग मोठ्या रायफलने नवख्याचे नेम हातभर का चुकतात? कारण त्याचं शरीर उत्तर देत नसतं, अंदाज बांधत असतं. आत्ता लागणार, आत्ता लागणार असं म्हणत ते चाप सुटायच्या आधीच आवळलं जातं.

आगाऊ दचक

इंजेक्शनची सुई टोचायच्या आधीच दंड दगडासारखा घट्ट होतो, तशीच ही क्रिया. नेमबाज तिला ‘फ्लिंच’ म्हणतात. मला ‘आगाऊ दचक’ हे नाव जास्त नेमकं वाटतं, कारण ती आधी येते आणि न बोलावता येते. तिची रूपं माणसागणिक वेगळी. कुणाची पापणी मिटते, कुणी खांदा पुढे ढकलून धक्क्याशी झुंजायला जातो, कुणी एकदाचं संपवावं म्हणून चाप हिसकतो, कुणी मान वर उचलतो. बहुतेकांच्या बाबतीत यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम घडतात आणि नळीचं तोंड खाली किंवा बाजूला जातं.

सगळ्यात दगाबाज गोष्ट ही, की ज्याला ती होते त्याला कळत नाही. एवढा मोठा आवाज आणि एवढी उसळी की आधीची छोटी हालचाल त्यात बुडून जाते. मी स्वतः पहिल्या वर्षी दुर्बिणीला दोष देत होतो. स्क्रू घट्ट केले, काडतुसं बदलली. मग माझ्या प्रशिक्षकांनी रायफल माझ्या हातातून घेतली, पाठ फिरवून भरली आणि परत दिली. मी नेम धरला, चाप ओढला. ‘टक्’ एवढाच आवाज झाला. आणि आत काहीच नसताना रायफलचं तोंड झटक्यात खाली गेलं. ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

“सर, गोळी नव्हती?”

“नव्हती. मग रायफल कुणी हलवली?”

त्या प्रश्नाचं उत्तर मला आजवर कुठल्याही व्याख्यानापेक्षा जास्त शिकवून गेलं.

या युक्तीत दुसरा माणूस खऱ्या काडतुसांत मधूनच डमी काडतूस घालतो. डमी म्हणजे दारू नसलेलं, आकाराने हुबेहूब काडतूस. पुढचं कुठलं येणार हे नेमबाजाला ठाऊक नसतं. डमी आलं की दचक उघडी पडते, झाकायला आवाज नसतो. वीसएक वेळा हे केलं की मेंदूला संशय यायला लागतो: दरवेळी धक्का येईलच असं काही नाही, मग आधीपासून आवळून कशाला बसायचं? हळूहळू रायफलचं तोंड ‘टक्’ झाल्यावरही जागेवर राहायला लागतं. मात्र एक शिस्त कधीही मोडायची नाही. ‘टक्’ झालं म्हणजे डमीच होतं असं धरून चालायचं नाही. काडतूस उशिरा पेटू शकतं, म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबायचं आणि मगच उघडायचं.

पहिले दिवस कसे असावेत

पहिला दिवस बिनगोळीचा असावा. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघायचं, दुसऱ्याला दाखवायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मग नेम धरून चाप ओढायचा. याला ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणतात आणि अव्वल दर्जाचे नेमबाजही ती आयुष्यभर करतात. आवाज नाही, धक्का नाही, त्यामुळे चाप ओढताना माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, किती थरथरते ते स्वच्छ दिसतं. .२२ च्या रायफलवर मात्र हे करण्याआधी माहितगाराला विचारावं. त्या काडतुसात सुईचा घाव कडेवर पडतो, त्यामुळे रिकाम्या नळीत सुई थेट लोखंडावर आपटून खराब होऊ शकते.

चाप ओढण्याची रीत इथेच पक्की करायची. औषधाचा ड्रॉपर हळूहळू दाबत गेलं की थेंब नेमका कोणत्या क्षणी पडेल ते सांगता येत नाही, पण पडणार हे ठाऊक असतं. चापही तसाच. बोटाच्या पेराने सरळ मागे, दाब एकसारखा वाढवत जायचा. ‘आता सोडतो’ असा क्षण ठरवायचा नाही. क्षणच माहीत नसेल तर शरीर आधीच आवळणार कशाच्या आधी?

मग .२२ किंवा एअर रायफल. शेकडो गोळ्या, घाई न करता. ऑलिम्पिकमधली ५० मीटर रायफल स्पर्धा याच .२२ च्या काडतुसावर होते आणि १० मीटर स्पर्धा ४.५ मिलिमीटरच्या छऱ्यांवर. तेव्हा हे पोरखेळाचं शस्त्र आहे असा समज असेल तर तो आधी काढून टाकावा. या टप्प्यात शरीराला एक गोष्ट मुरते: चाप सुटला तरी मी तसाच, तिथेच पाहत राहतो. यालाच फॉलो थ्रू म्हणतात.

त्यानंतर मधली पायरी, .२२३ काडतुसाच्या रायफलीसारखी. सव्वातीन किलोच्या रायफलमध्ये तिची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास असते, म्हणजे .३०८ च्या जेमतेम पाव. आणि मग मोठी रायफल. पहिल्या दिवशी मोठ्या रायफलच्या पाच गोळ्या, फार तर दहा. त्याच्या पुढे-मागे .२२ च्या. शेवटची गोळी नेहमी छोट्या रायफलची असावी, म्हणजे घरी जाताना शरीर शांत आठवण घेऊन जातं. हे माझं मत आहे आणि मी त्यावर ठाम आहे: उत्साहाच्या भरात मारलेली विसावी गोळी आधीच्या दहा गोळ्यांची कमाई बुडवते.

धरायची कशी?

उभं राहताना पाय खांद्यांइतके फाकलेले, उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा पाय थोडा पुढे, आणि वजन पुढच्या पावलावर. नवखे नेमके उलटं करतात. रायफलचं वजन तोलायला कमरेतून मागे वाकतात, आणि मग धक्का आधीच मागे कललेल्या शरीराला ढकलतो. नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईल इतकं पुढे झुकलं की तोच धक्का अंगातून वाहत जमिनीकडे जातो.

दस्त्याची जागा बोटांनी चाचपून शोधा. हात समोर उचलला की गळ्याखालचं आडवं हाड आणि खांद्याचा सांधा यांच्या मधोमध एक मऊ खळगा लागतो. दस्ता तिथे. हाडावर बसला तर कळ थेट डोक्यात जाते, दंडावर घसरला तर दुसऱ्या दिवशी हातभर निळा डाग दिसतो. मागच्या हाताने रायफल खळग्यात ओढून धरायची, फट उरू द्यायची नाही. पण हस्तांदोलन करावं तितक्याच जोराने. मुठी आवळल्या की हात थरथरतात.

गाल दस्त्यावर वजनाने टेकलेला असावा. वर तरंगणारा गाल टोला खातो, टेकलेला गाल रायफलसोबत हलतो. दुर्बीण असेल तर डोळा तिच्यापासून साधारण ८ ते १० सेंटिमीटरवर. हे अंतर आधी दुर्बीण सरकवून ठरवायचं, मान ताणून नाही.

झोपून किंवा टेबलावर टेकून मारताना तोच धक्का जास्त लागतो, याने पुष्कळ लोक गोंधळतात. उभं असताना कमरेपासून वरचं शरीर मागे झुलतं आणि धक्क्याला वेळ मिळतो. झोपल्यावर झुलायला जागा नसते. म्हणून झोपताना शरीर रायफलच्या सरळ मागे, एका रेषेत ठेवतात, म्हणजे धक्का एका खांद्यावर न अडता पाठीतून पसरतो. टेबलाशी बसताना पोक काढून पुढे वाकू नये, ताठ बसता येईल इतकी रायफल वर घ्यावी.

‘पण घट्ट धरली की झालं ना?’

बहुतेक रायफलींना नीट, एकसारखं धरणं पुरतं. एका प्रकाराला घट्ट धरणं तर चक्क घातक आहे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दट्ट्या आधी पुढे धावतो, म्हणून रायफल मागे येते. मग दट्ट्या टोकाला पोचून थांबतो, तेव्हा रायफल पुढे जाते. हे दोन्ही छरा नळीतून निघायच्या आत घडतं. ही रायफल आवळून धरली तर दरवेळी वेगळी उडते. तिला उघड्या तळव्यावर ठेवून हवं तसं हलू द्यायचं असतं. काडतुसाच्या रायफलीवरून एअर रायफलीवर येणारे कित्येक चांगले नेमबाज इथे अडखळतात.

‘ताकदवान माणसालाच जमत असेल’

दंड मोठे असण्याचा फायदा जड रायफल उचलून धरताना होतो, धक्का घेताना फारसा नाही. ताकदीच्या भरवशावर खांदा ताठ करून अडणाऱ्याला धक्का कमी वेळात थांबवावा लागतो, म्हणून तो जास्त लागतो. सडपातळ माणूस झुलतो आणि पुन्हा जागेवर येतो. मात्र दस्त्याची लांबी अंगाच्या मापाची हवी. लहान चणीच्या व्यक्तीला मोठ्या माणसाची रायफल देऊन ‘हिला जमत नाही’ म्हणणं हा अन्याय आहे.

‘मझल ब्रेक लावला तर?’

मझल ब्रेक म्हणजे नळीच्या तोंडावरचा भोकांचा तुकडा. मघाशी पाहिलेला तो एक तृतीयांश वाटा आठवा. ब्रेक त्या वायूला बाजूला आणि मागे वळवतो, त्यामुळे धक्का खरोखर कमी होतो. पण बाजूला वळलेल्या वायूबरोबर आवाजही बाजूला आणि मागे येतो, नेमबाजाच्या आणि शेजाऱ्याच्या कानांवर. खांदा वाचला आणि कान दचकले, तर आगाऊ दचक जागची हलत नाही. नवख्याला मी ब्रेकपेक्षा जड रायफल आणि जाड रबर सुचवेन. आवाज दाबणारं सायलेन्सर जिथे कायद्याने चालतं, तिथे ते धक्का आणि आवाज दोन्ही कमी करतं.

‘मारत राहिलं की सवय होते’

होते, पण कशाची? शरीर जे पुन्हा पुन्हा करतं त्याची. दचकत मारलेल्या शंभर गोळ्या म्हणजे दचकण्याचा शंभर वेळा केलेला सराव. दचक दिसायला लागली की त्या दिवसापुरती मोठी रायफल खाली ठेवायची, डमी काडतुसं वापरायची किंवा .२२ वर यायचं. यात कमीपणा काहीच नाही. वर्षानुवर्षं मारणाऱ्यांची दचकही परत येते आणि तेही हेच करतात.

खांदा निळा पडणं हेही शौर्याचं लक्षण मानलं जातं, ते मला मुळीच पटत नाही. निळा खांदा बहुतेक वेळा एवढंच सांगतो की दस्ता चुकीच्या जागी होता किंवा गोळ्या जास्त झाल्या. अमेरिकी लष्कराच्या चाचणीच्या नियमांतही खांद्यावरून झाडायच्या शस्त्रांना धक्क्यानुसार मर्यादा आहेत. साधारण २० ज्यूलच्या आतल्या धक्क्याला गोळ्यांचं बंधन नाही, त्याच्या वर दिवसाच्या गोळ्या मोजून ठरवलेल्या, आणि ८० ज्यूलच्या वर खांद्यावरून झाडायचंच नाही. पेशाने शस्त्रं चालवणाऱ्यांसाठी ही काळजी असेल, तर शिकाऊ माणसाने दात-ओठ खाऊन सोसण्यात काही अर्थ नाही. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, त्यांनी मोठ्या रायफलीला हात लावायच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

जमलं हे कसं कळतं?

लक्ष्यावरची भोकं जवळजवळ यायला लागतात, ती एक खूण. पण त्याआधी येणारी एक खूण मला जास्त खरी वाटते. गोळी सुटल्यावर प्रशिक्षक विचारतात, “कुठे गेली?” नवखा मान वळवून लक्ष्याकडे पाहतो. दचकताना त्याचे डोळे मिटलेले होते, त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नसतं.

मग एक दिवस येतो. आवाज होतो, रायफल उसळते, परत जागेवर येते, आणि लक्ष्याकडे न पाहता शिकणारी एखादी मुलगी म्हणते, “थोडी डावीकडे, नऊच्या रिंगणात.” प्रशिक्षक दुर्बिणीतून पाहतात. भोक तिथेच असतं.